नावांच्या मधलं गाणं

बाबा गाणं मध्येच थांबवायचे. लहानपणी मला त्याचा एवढा राग यायचा की मी मंडपाच्या मागे जाऊन कानात बोटं घालून बसायचे.

वलगावातली त्यांची गायन पार्टी एप्रिल महिनाभर आसपासच्या गावांत फिरायची. जयंतीचे कार्यक्रम, विहाराचं उद्घाटन, कुणाच्या मुलाचं नामकरण, जिथे बोलावतील तिथे. बाबा पेटी वाजवत गायचे. मागे ढोलकी, बँजो आणि कोरसला आमच्याच गल्लीतले दोघे. एरवी बाबा शाळेत शिपाई, घंटा वाजवणार, साहेबांना पाणी देणार. पण माइकसमोर बसले की मान ताठ व्हायची आणि आवाज असा लागायचा की मंडपाबाहेरची पानटपरीसुद्धा गप्प व्हायची. आणि नेमका तेव्हाच कोणी तरी उठायचा. शर्ट नीट करत स्टेजपाशी यायचा, पेटीवर नोट ठेवायचा आणि बाबांच्या कानात स्वतःचं नाव सांगायचा. झालं. बाबा ओळ तिथेच सोडायचे. पेटीचा सूर तेवढा धरून ठेवायचा आणि माइकवर म्हणायचं, "या गाण्यावर खूश होऊन, अमुक तमुक, मुक्काम अमुक, यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट. पार्टी त्यांची आभारी आहे." मग सोडलेली ओळ पुन्हा उचलायची. तेवढ्यात दुसरा उठलेला असायचा.

आमच्याकडच्या सगळ्याच पार्ट्या असं करतात. ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, पार्टीचं पोट त्यावरच चालतं. मलाच ते सहन व्हायचं नाही. बाबांचं एक गाणं होतं, त्यांनी स्वतः बांधलेलं, त्यांच्या आईवर. ती शेतात तण निंदायला जाताना विळ्याबरोबर बाबांची पाटीही फडक्यात बांधून न्यायची आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवून अक्षरं गिरवून घ्यायची. तिला स्वतःला एकही येत नव्हतं.

इळ्यासंगं पाटी बांधली, मायनं
भाकरीआधी अक्षरं रांधली, मायनं

या गाण्याला चार अंतरे. स्टेजवर मी कधीच ते सलग ऐकलं नाही. दुसऱ्या अंतऱ्यात नावं सुरू व्हायची, तिसऱ्यात नावांची रांग लागायची आणि चौथ्याच्या वेळेला आयोजक घड्याळ दाखवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. कशाला वाजवत होते कोण जाणे.

मी आता अमरावतीला राजापेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवते आणि मागच्या वर्षापर्यंत उरलेल्या वेळात गाणी करायचे. मी लिहायचे, चाल लावायचे, गायचे. कॉलेजात माझ्याबरोबर असलेला एक मित्र अकोल्याला लग्नांच्या साउंडचं काम करतो, तो वाद्यं वाजवून ते रेकॉर्ड करायचा. मग आम्ही आमच्याच यूट्यूब चॅनेलवर टाकायचो. मागे कंपनी नाही, पुढे मॅनेजर नाही. मुंबई-पुण्याकडे याला मोठं छान इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे बायका विचारायच्या, "मंग टीव्हीत कवा येतं?" ऐकणारे थोडे, पण जीव लावून ऐकणारे. मूर्तिजापूरचा कोणी ट्रॅक्टरवर आमचं गाणं लावायचा, अचलपूरची कोणी नर्स ड्यूटी संपली की ऐकायची आणि "ताई, आज पुन्हा रडवलं तुमी" असं लिहायची. अशा चार ओळींवर मी आठवडा काढायचे. खोटं कशाला सांगू, मला वाटायचं हीच माझी कमाई.

मागच्या वर्षी बाबांचा आवाज बसला तो उठेचना. आलं झालं, हळद झाली, गावच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की स्वरपेटी काढावी लागेल. माणूस वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं, तारीख मात्र काही आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर घसा जपा, बोलणं अगदी कमी करा, म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले होते आणि मी एकच विचार करत होते. या माणसाची गाणी कुठेच नाहीत. कॅसेट नाही, वही नाही, काही नाही. आयुष्यभर गायले ते मंडपात, आणि मंडप दुसऱ्या दिवशी सोडतात. मला त्यांची सगळी गाणी हवी होती. जशी बांधली तशी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये न थांबता. माणूस वाचवायचं काम डॉक्टरांचं होतं. आवाज वाचवायचं काम माझं होतं.

त्यासाठी चांगला माइक हवा होता, पेटी दुरुस्त करून घ्यायची होती, ढोलकी-बँजोवाल्यांना रोजावरून सुट्टी घ्यायला लावायची तर त्यांची भरपाई करायची होती. क्लासच्या पगारात ते बसत नव्हतं. मित्र म्हणाला, "आपल्या लोकांले मागून पाह्य ना. त्याहीच्यापायीच तं गातं तू." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दुखण्यापायी कोणाले पैसे नोको मागू, बाई. गाण्यापायी माग."

म्हणून मी आजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. मोबाइल उभा करून एवढंच बोलले की माझ्या बाबांची गाणी रेकॉर्ड करायची आहेत, तुम्ही हातभार लावाल का. आणि लोकांनी लावला. मी खरंच थक्क झाले. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नव्हती अशा माणसांनी पाठवलं. राजापेठेतच फ्लेक्सचं दुकान असलेला एक तरुण तर क्लासच्या दारातच येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या लग्नात म्हणे बाबांची पार्टी होती. "ताई, प्रचाराचं टेन्शन नोका घेऊ. ते माह्याकडं लागलं," तो म्हणाला. त्याने मोबाइलवर एक ग्रुप काढला, त्याला नाव दिलं 'गाण्याचे सोयरे', आणि देणाऱ्या प्रत्येकाला त्यात घेतलं. एक मोठा फ्लेक्सही फुकटात छापला. मध्ये पेटी घेऊन बसलेले बाबा, खाली 'लवकरच येत आहे'. चौकात तो लागला तेव्हा बाबा रिक्षातून मुद्दाम दोनदा तिथून गेले. मला आता हसू येतं, पण त्या दिवशी आम्ही दोघंही फार खूश होतो.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं, "कोणं कोणं देल्लं?"

मी म्हटलं, "आहेत पुष्कळ. सगळ्यांची नावं व्हिडिओच्या खाली लिहिणार आहे."

"खाली? पायाजोळ?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कुणाच्या ताटाला लाथ मारली. "नाव तोंडानं घ्या लागते, बाई. लिहून तं सरकारबी ठेवते."

मी वाद घातला नाही, घसा दुखेल म्हणून. बाबांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि त्याच्याकडून एकेक नाव विचारून घेतलं. शाळेत हजेरीच्या वेळी वर्गाबाहेर उभं राहून त्यांना अख्ख्या वर्गाची नावं पाठ व्हायची, ती सवय अजून होती.

मित्राची खोली मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर आहे. खालचं दुकान बंद असतं त्या वारीच रेकॉर्डिंग होतं. भिंतींना गाद्या आणि जुन्या गोधड्या लावलेल्या, पंखा बंद, अकोल्याचं ऊन. बाबांनी हेडफोन घातला, तो त्यांना मोठा होत होता. पेटीवर बोटं ठेवली. आणि त्या बसलेल्या, फाटलेल्या गळ्यातून असा सूर निघाला की मित्राने काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं. घोगरा होता, पण पक्का होता. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, दुसरा सुरू झाला. मी देवबीव मानत नाही, तरी मनातल्या मनात कुणाला तरी म्हणत होते, असंच जाऊ दे, असंच शेवटपर्यंत जाऊ दे.

दुसऱ्या अंतऱ्यात बाबा थांबले. पेटीचा सूर धरून ठेवला आणि नावं घ्यायला लागले.

पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट, मुक्कामासकट. सप्रेम भेट, सप्रेम भेट, सप्रेम भेट. मग एक ओळ गाणं, मग पुन्हा नावं. ढोलकीवाले काका सवयीने हळू ठेका देत राहिले. चौथ्या अंतऱ्यापर्यंत बाबांचा श्वास संपला होता, शेवटच्या दोन ओळी त्यांनी नुसत्या बोलल्या.

मित्र आत येऊन हळूच म्हणाला, "काका, लय भारी झालं. आता एक डाव निस्तं गाणं घेऊ. मधात थांबू नोका."

बाबांनी मान हलवली. पुन्हा सुरुवात केली. त्याच जागी आले आणि थांबले. नावं घेतली नाहीत, नुसते थांबले. आम्ही वाट पाहत राहिलो. पुढची ओळ त्यांना सापडेना. तिसऱ्या वेळीही तसंच. "मले जमून नाई राह्यलं, लेका," ते म्हणाले. मला तेव्हा कळलं की ते इतकी वर्षं गाणं तोडत नव्हते, गाणं त्या तोडण्यासकटच त्यांच्या अंगात बसलं होतं. तिथेच ते दम घ्यायचे, तिथेच गळ्याला विसावा द्यायचे, पुढची ओळ तिथेच आठवायचे. नावं काढली तर गाण्याचा दमच निघून जात होता.

मित्राने घरी बसून नावं कापून एक सलग गाणं जोडलं. ऐकायला ठीक होतं, पण प्रत्येक सांध्यावर श्वास अडखळत होता, ठिगळं लावलेल्या चादरीसारखं. बाबांनी अर्धं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "लोकांचं नाव खाल्लं म्हणतीन," एवढंच बोलले. म्हणून मग नावांसकट होतं तेच टाकलं. मला वाटलं, असू दे. हे एक गाणं तसं जाऊ दे. बाकीची आठ-दहा गाणी अजून आहेत, तोवर काही तरी युक्ती काढू.

गाणं चाललं. आमचं एकही गाणं कधी असं चाललं नव्हतं. फ्लेक्सवाला क्लासमध्ये मिठाई घेऊन आला. "ताई, साऱ्या अमरावतीच्या स्टेटसले बाबा हायेत! पाहा ना तुमी!" मी पाहिलं. ज्याच्या त्याच्या स्टेटसला बाबा होते, हे खरं. पण प्रत्येकाने गाण्यातला आपल्या नावाचा तेवढा तुकडा कापून लावला होता. बाबांचा आवाज, त्याचं नाव, सप्रेम भेट, खाली हात जोडलेली चित्रं आणि आगीच्या ज्वाळा. गाण्याची एकही ओळ कुणाच्या तुकड्यात आली नव्हती. आली तरी नावाच्या आधीची अर्धी, घाईत कापलेली.

चॅनेलवर एक आलेख दिसतो, लोक गाणं कुठे ऐकतात आणि कुठे सोडून जातात त्याचा. आलेख वाचणं हे माझं रोजचं काम. एवढा सोपा आलेख मी कधी पाहिला नव्हता. नावांपाशी सुळके, आणि मध्ये, जिथे गाणं होतं तिथे, जमीन. लोक उड्या मारत आपल्या नावापर्यंत येत होते, ते पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि निघून जात होते. माझ्या आजीची पाटी कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही, मुलांना गणितं सोडवायला दिली आणि खुर्चीत बसून राहिले.

मग फर्माइशी सुरू झाल्या. ज्यांनी दिलं नव्हतं त्यांनाही नाव हवं झालं. पोराचा वाढदिवस आहे, दुकानाचं उद्घाटन आहे, साल्याला सरपंचकी मिळाली आहे, बाबांनी फक्त नाव घ्यावं, आम्ही पुढच्या गाण्याला हातभार लावतो. मी सगळ्यांना नाही म्हणत होते. पण फ्लेक्सवाल्याने मोठ्या भक्तिभावाने बाबांनाच ग्रुपमध्ये घेतलं, 'गुरुजींचं स्वागत' म्हणून. त्यानंतर कोणी मला विचारायचं कारण उरलं नाही.

क्लासवरून घरी यावं तर बाबा अंगणात निंबाखाली बसलेले, तोंडाशी मोबाइल धरलेला, आणि त्या उरल्यासुरल्या आवाजात कुणाच्या तरी पोराला वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी एकदा त्यांच्या हातून मोबाइल ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "डॉक्टर काय म्हणाले होते? आवाज किती उरला आहे तुमचा? तो या टिनपाट लोकांच्या वाढदिवसांवर घालवणार? आणि तुमची गाणी? ती कोण म्हणणार?"

बाबा चिडले नाहीत. मला शेजारी बसायची खूण केली. घोट घोट पाणी पीत, थांबत थांबत बोलले. "तुले काय मालूम, बाई. माह्या बापाले गावात कोणी नावानं हाक नोती मारली. जातीनं, नाई तं शिवीनं. अन् मी माइकवर नाव घेवो ना, पुरं नाव, तं माणूस मंडपात उभा राहे. त्याची बायको त्याच्याकडं पाहे. पोरं पाहे. साऱ्या गावाच्या कानावर जाये का हा कोणी तरी हाय." मग दम घेऊन म्हणाले, "गाणं काय, गाणं कोणीबी म्हणते."

ते खोटं बोलत नव्हते, आणि तरीही मला वाटत होतं की माझ्या डोळ्यांदेखत कोणी तरी घर लुटून नेत आहे. ज्यांना आता नाव हवं होतं त्यांना कोण शिवीने हाक मारत होतं? त्यांची नावं तर चौकाचौकांत फ्लेक्सवर होतीच. पण बाबांना तो फरक दिसत नव्हता. नाव मागायला आलेला माणूस त्यांच्यासाठी अजून शर्ट नीट करत उठलेलाच होता. फ्लेक्सही नवा लागला. 'अफाट प्रतिसादाबद्दल आभार', आणि भोवती देणाऱ्यांचे चेहरे, गॉगल लावलेले, मोबाइल कानाला लावलेले. ते एवढे वाढले होते की मधले बाबा पासपोर्टच्या फोटोएवढे झाले होते.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. या वेळी मी युक्ती काढली होती. पेटी बाजूला ठेवायची, एकेक अंतरा वेगळा घ्यायचा, मध्ये भरपूर विश्रांती द्यायची. बाबांनाही पटलं होतं. त्यांना तीन गाणी म्हणायची होती, एक तर मी कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या आईसाठी बांधलेलं, ती गेली त्या वर्षी. "ते आधी घेऊ," ते बसमध्ये कुजबुजले होते.

त्यांनी हेडफोन घातला, डोळे मिटले, तोंड उघडलं. हवा आली. पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. हवाच आली. मित्राने माइकचा आवाज वाढवला, तर काटकीवर काटकी घासल्यासारखा खरखराट ऐकू यायला लागला, त्याच्या आत कुठे तरी चाल असावी. असावी, एवढंच. शब्द एकही कळत नव्हता. बाबा शेवटपर्यंत गायले. म्हणजे ओठ शेवटपर्यंत हलले. मध्ये कुठेही थांबले नाहीत. मित्र यंत्र बंद करून गॅलरीत निघून गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

येताना बसमध्ये बाबांच्या मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला. दर्यापूरकडचा कोणी, बहिणीच्या साखरपुड्यासाठी. बाबांनी मोबाइल ओठांना लावला आणि नाव कुजबुजले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. अडवलं नाही. आता अडवून काय वाचणार होतं?

ऑपरेशन नीट झालं. माणूस वाचला. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात, वेळेत आणलं. बाबांच्या गळ्याला आता एक भोक आहे, त्यातून ते श्वास घेतात. ग्रुपमध्ये मी ते कळवलं तेव्हा दिवसभर हात जोडलेली चित्रं येत राहिली. काही जण फळं घेऊन आले, बाबांबरोबर फोटो काढून गेले. मग पुढच्या महिन्यात ग्रुपचं नाव बदललं, त्यावर क्रिकेटच्या टुर्नामेंटची वर्गणी सुरू झाली. मला त्यांचा राग नाही. त्यांनी जे जे करायचं कबूल केलं होतं ते सगळं केलं. गाण्याला पैसे दिले, गाणं गावोगाव पोचवलं. मी आता गाणी करत नाही. लिहायला बसले की डोक्यात तो आलेख येतो आणि पेन खाली ठेवावंसं वाटतं.

एका रविवारी मी बाबांच्या मोबाइलमधले सगळे निरोप काढून आमच्या संगणकावर घेतले. गाणी नाहीत तर नाहीत, आवाज तरी राहू दे म्हणून. दुपारभर ऐकत बसले. किती नावं! पोरांची, दुकानांची, मंडळांची, नव्या ट्रॅक्टरची. प्रत्येक नाव कसं निगुतीने घेतलेलं, जणू त्या माणसाला हाताला धरून स्टेजवर चढवत आहेत. ऐकता ऐकता मी काय शोधत आहे ते माझ्या लक्षात आलं. माझं नाव त्यात नव्हतं. असणार कसं? घरच्या माणसाचं नाव माइकवर कोण घेतं? घरात तर ते मला 'बाई' म्हणायचे, नावाने हाक मारतच नव्हते. माझं नाव बाबांच्या आवाजात जगात कुठेही नाही.

हे मी फ्लेक्सवाल्याला कसं काय बोलून गेले कोण जाणे. तो पुढच्या निवडणुकीची बॅनरं कापत होता. हात थांबवून म्हणाला, "अरे ताई, मंग सांगाचं ना! आता आवाजाची नक्कल करनारं सॉफ्टवेअर आलं. बाबांनं घेतलेले एवढे नावं हायेत आपल्याजोळ, त्याच्यावरून ते आवाज बरोब्बर उचलते, खरखरबी काढून टाकते. तुमचं पुरं नाव पाठवा फक्त." जीव ओतून बोलत होता बिचारा. मी घरी आले, आणि ज्या बाईने आयुष्यभर या नावांचा राग केला तिने स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मुक्कामासकट टाइप करून त्याला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. बाबा समोरच खाटेवर बसले होते, मी मोठ्याने लावलं. या गाण्यावर खूश होऊन, माझं नाव, मुक्काम वलगाव, यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट. पार्टी त्यांची आभारी आहे. आवाज त्यांचाच होता. आजाराच्या आधीचा, भरलेला, मंडपातला.

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. नाव घेऊन झालं की स्टेजवरून देणाऱ्याकडे पाहून हात जोडायची त्यांची रीत होती. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. मी उठून त्यांचे हात धरले आणि खाली केले. त्यांनी ते सोडवून घेतले आणि पुन्हा जोडले.